डार्क सोल्सवर नीट भांडायचं कसं

एका शनिवारी संध्याकाळी माझ्या हॉलमध्ये ‘डार्क सोल्स’ या व्हिडिओ गेमवरून ‘भारी आहे’ आणि ‘फालतू आहे’ या दोन वाक्यांवर पाऊण तास भांडण चाललं होतं. भाचा सोफ्यावर उभा, त्याचा मित्र एका पायात चप्पल अडकवून दाराशी. मी आत पोह्यांना फोडणी देत होते. उलथनं हातात धरूनच बाहेर आले आणि विचारलं, "कुठली जागा म्हणताय तुम्ही?" दोघंही गप्प. पाऊण तासात एकानेही गेममधल्या एकाही जागेचं नाव घेतलं नव्हतं.

मी मिरजेत अकरावी-बारावीला मराठी शिकवते आणि वीसेक वर्षं वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. चार मिनिटं झाली की टेबलावरची घंटा मारायची, हा माझा जोडधंदा. त्या दिवशी ती घंटाच आणून टीपॉयवर ठेवली. तेव्हापासून शनिवारी आमच्याकडे ‘डार्क सोल्स’वर रीतसर वाद होतो. भाचा, त्याचे दोन मित्र, वरच्या मजल्यावर राहणारी सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी मुलगी आणि मी, एवढेच जण. पुढे लिहिलेलं सगळं त्या शनिवारांमधून आलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याही काळोख्या गेमला ते लावता येईल, पण उदाहरणं मी याच एका गेमची देणार, कारण मला तो एकच येतो.

हो, मी खेळले आहे. भाच्याच्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर. सात महिने लागले. उजवा अंगठा धरला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "भांडी फार घासता का?" मी हो म्हणून टाकलं.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉर्ड्रन नावाचं एक विझत चाललेलं राज्य. तुम्ही मेलेले आहात, पण सुटका नाही. पुन्हा पुन्हा उठता. वाटेत शेकोट्या लागतात (बोनफायर म्हणतात, पण मला शेकोटीच बरं वाटतं). तिथे टेकलात की औषधाची बाटली भरते, पण मारलेले बहुतेक सगळे शत्रूही परत उभे राहतात. मेलात की शत्रू मारून साठवलेले सोल्स (इथलं चलन) तिथेच पडतात. परत जाऊन उचलायची एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर गेले. बाकी तलवारी, सापळे, आणि पडक्या भिंतींआडून अंगावर येणारी माणसं.

पहिलं काम: कोण कुठला गेम खेळलाय ते विचारा

हे ऐकायला वेडगळ वाटेल. पण आमच्याकडचा निम्मा वाद इथेच मिटला. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला. २०१२ मध्ये पीसीवर आला, तोही चित्र ७२० ओळींवर आणि सेकंदाला ३० फ्रेमवर अडकवलेला. एका चाहत्यानेच लगोलग स्वतःचा पॅच काढून ते चित्र सुधारलं. मग २०१८ मध्ये रीमास्टर्ड, म्हणजे सुधारून काढलेली आवृत्ती. भाच्याचा मित्र ‘ब्लाइटटाउन (गेममधली दलदलीची वस्ती) म्हणजे छळ’ म्हणतो, कारण त्याने ते मोठ्या भावाच्या प्लेस्टेशन ३ वर खेळलं. तिथे चित्र अक्षरशः अडखळत चालायचं, उडी मारली की ती कुठे पडणार याचा भरवसा नाही. भाचा म्हणतो, "मला तर मस्त वाटलं," कारण त्याच्याकडे ते लोण्यासारखं चालतं. दोघं खरं बोलत होते आणि एकमेकांना खोटं ठरवत होते.

म्हणून आमच्याकडे बोलायला उभं राहिलं की आधी तीन गोष्टी सांगायच्या: कुठली आवृत्ती, कुठपर्यंत खेळलो, आणि अडलं की नेटवर उत्तर बघितलं का. शेवटच्याला सगळे लाजतात. लाजायचं कारण नाही, पण सांगायला हवं. गेम अर्धाच खेळलेल्याला बोलू द्यावं का, यावरही एकदा वाजलं. मी म्हटलं, द्यावं. पंगतीतून अर्ध्यात उठलेल्याला आमटी खारट होती एवढं सांगायचा हक्क असतोच. श्रीखंडाबद्दल मात्र त्याने बोलू नये.

पूर्वपक्ष

आपल्याकडे न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते शोधायला घालतात तो वाद. जिंकायसाठी करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडत बसायचं ती वितंडा. गेमवरची बहुतेक भांडणं पहिल्या दहा मिनिटांत जल्पावर येतात आणि अर्ध्या तासात वितंडेवर. मी हे पोरांना सांगितल्यापासून ती एकमेकांना ‘वितंडखोर’ म्हणतात, तेवढा एक तोटा झाला.

यावर आपल्या जुन्या शास्त्रकारांनीच करून ठेवलेला उपाय आहे: आधी पूर्वपक्ष. म्हणजे समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा चांगलं मांडून दाखवायचं आणि मगच खोडायला घ्यायचं. आमच्याकडे नियम असा की समोरचा ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणत नाही तोवर तुमची चार मिनिटं सुरू होत नाहीत. पहिल्या आठवड्यात भाच्याला हे तीनदा करावं लागलं. चौथ्यांदा तो अडखळला आणि म्हणाला, "थांब, हे बरोबरच आहे की."

अख्खा गेम सोडा, एक जागा धरा

माझं मुख्य म्हणणं हेच. ‘डार्क सोल्स चांगला की वाईट’ हा विषय घेतलात तर सगळे आपापल्या आठवणींशी बोलत बसतात. विषय ‘काप्रा डेमनची खोली’ असा ठेवा. विषय ‘चर्चमधली लिफ्ट’ असा ठेवा.

लिफ्टचंच घ्या. तुम्ही शेकोटीच्या देवळापासून (फायरलिंक श्राइन) निघता, पडक्या वस्तीतून जीव मुठीत धरून वर चढता, पुलावर तो ड्रॅगन आग ओकतो, तिथून पळता, शेवटी चर्चमध्ये पोचता. सोल्स भरपूर, बाटली रिकामी. बाजूला एक लिफ्ट दिसते. बसता. ती खाली, खाली जाते, दार उघडतं आणि तुम्ही परत त्याच देवळापाशी. इतका वेळ लांब वाटलेलं सगळं डोक्यावरच होतं! मी तेव्हा एकटीच होते, रात्रीचे साडेअकरा, आणि मी मोठ्याने "अगं बाई" म्हटलं. कौतुक करायचं तर असं करायला शिका. ‘वर्ल्ड डिझाइन जबरदस्त’ म्हणून काही पोचत नाही. कुठून निघालो, हातात काय होतं, दार कुठे उघडलं, ते सांगा.

दोष दाखवतानाही तसंच. ‘कॅमेरा वाईट’ एवढ्यावर मी गुण देत नाही. काप्रा डेमनची खोली आमच्या बाथरूमपेक्षा थोडी मोठी. धुक्याचं दार ओलांडलं की तो दोन सुरे घेऊन समोर, त्याच्याआधी दोन कुत्रे अंगावर, आणि कॅमेरा तुमच्या पाठीमागच्या भिंतीला चिकटून तुम्हाला भिंतच दाखवतो. हे सांगितलंत की समोरच्याला काहीतरी खरं खोडावं लागतं. भाचा म्हणाला, "डावीकडे जिना आहे, पळत वर जायचं." टेस्टिंगवाली म्हणाली, "जिना आहे हे कळायला आधी कॅमेऱ्याने दाखवायला नको का?" त्या दिवशी घंटा मारायची मी विसरले.

अवघड आणि अन्यायी

हे दोन शब्द वेगळे ठेवता आले तर पुढचं सोपं. आम्ही दोन प्रश्न ठरवले आहेत. मेल्यावर कळतं का, कशाने मेलो? आणि परत त्याच जागी यायला किती चालावं लागतं?

ऑर्नस्टीन आणि स्मॉ घ्या. एक चपळ भालेवाला, एक हातोडा घेतलेला धिप्पाड, दोघं एकदम. पहिला कोण मारायचा ते तुम्ही ठरवायचं. उरलेला मेलेल्याची ताकद घेऊन आणखी बळावतो. मी तिथे किती वेळा मेले ते मोजणं सोडून दिलं. पण दर वेळी कळायचं: लोभ केला, एक वार जास्त मारायला गेले. हे अवघड. याला मी पैकीच्या पैकी देते.

आता बेड ऑफ केऑस, झाडासारखा राक्षस. जमीन पायाखाली फुटते, झाडाच्या फांदीसारखा हात झाडूने ढकलावं तसं खड्ड्यात ढकलतो. तिथे लढाई अशी नाहीच, नुसती पकडापकडी. गंमत म्हणजे गेमलाही ते ठाऊक असावं, कारण इथे मेलात तरी आधी फोडलेलं फुटलेलंच राहतं. बाकी कुठल्याही बॉसला (वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूला) अशी दया दाखवलेली नाही. टेस्टिंगवालीचं यावर एक वाक्य मला फार आवडलं: "काकू, जिथे सवलत द्यावी लागली तिथे बनवणाऱ्यालाच चूक दिसली होती." त्याच्या आजूबाजूचा लॉस्ट इझालिथ म्हणजे तर लाव्हारसाचं मैदान आणि त्यात तेच ते ड्रॅगनचे पाय ओळीने उभे केलेले. घाई झाल्याचं उघड दिसतं. यावर वाद लावू नका. सगळ्यांचं एकमत असलेल्या विषयावर सभा भरते, वाद होत नाही.

वाद लावायचाच तर अनोर लोंडो या शहरातल्या तिरंदाजांवर लावा. वीतभर रुंद कठड्यावरून चढायचं, दोन्ही बाजूंनी दोन चांदीचे शिपाई भाल्याएवढे बाण मारतात, बाण लागला की थेट खाली. अवघड की अन्यायी? आमच्याकडे तीन शनिवार झाले, निकाल नाही. मी स्वतः ‘अन्यायी’ म्हणते. पण मला मान्य आहे की मी तो कठडा पार केला तेव्हा उठून पाणी प्यायले आणि आरशात स्वतःकडे बघून हसले.

अंधार काय काम करतो ते विचारा

काळोख्या गेमवर बोलताना ‘किती डार्क आहे!’ हे कौतुक म्हणून येतं. मी विचारते, म्हणजे काय रे? अंधार नुसता रंग असेल तर तो कुठल्याही भिंतीला फासता येतो. त्याने काही काम केलं पाहिजे.

जायंट्सच्या थडग्यात खरोखरचा अंधार आहे. हातभर पुढचं दिसत नाही. दिवा हातात घेतला तर ढाल घेता येत नाही. हा अंधार काम करतो, दर पावलाला तुमच्याकडून काहीतरी मागतो. माझ्या मते याहून चांगलं उदाहरण मात्र उजेडाचं आहे. अनोर लोंडो म्हणजे अख्ख्या गेममधलं एकमेव लखलखीत शहर, सोन्यासारखं ऊन, संगमरवर. तिथे आत एक देवकन्या बसलेली आहे. तिच्यावर बाण मारलात तर ती नाहीशी होते, आणि बाहेर येऊन बघावं तर ऊनही गेलेलं. सगळं शहर काळंशार. म्हणजे ऊनच खोटं होतं. कुणाला बाण मारायचं सुचतच नाही आणि तो त्या खोट्या उन्हातून तसाच पुढे जातो. बारावीच्या पोरांना मी उपरोध शिकवते तेव्हा हे उदाहरण देता येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

उलट बाजूने बोलणाऱ्याने गेममधल्या विषारी दलदली मोजाव्यात. घाण, विष आणि चालण्याचा वेग कमी, याला अंधार म्हणत नाहीत.

कसर लागलेली पोथी

या गेमची गोष्ट कुणी सांगत नाही. अंगठीवरच्या दोन ओळी, तलवारीखालच्या तीन ओळी, एखादा पुतळा, त्यावरून जुळवायची. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलं आहे की लहानपणी ते इंग्रजी पुस्तकं अर्धवट समजत वाचायचे आणि न कळलेल्या जागा चित्रांवरून आणि कल्पनेने भरायचे. हे वाचून मला एकदम आपलंसं वाटलं. मीही शाळेत असताना वाचनालयातल्या इंग्रजी कादंबऱ्या अशाच वाचल्या. एका कादंबरीत खून कुणी केला ते मला अजूनही पक्कं माहीत नाही.

तर मी पूर्ण तयारीने उभी राहिले. म्हटलं, हा गेम म्हणजे कसर लागलेली पोथी आहे, देवळातला झिजलेला शिलालेख आहे, जिथे अक्षर उडालंय तिथेच आपलं मन काम करतं. चांगलं झालं भाषण. मग टेस्टिंगवाली उभी राहिली. पूर्वपक्ष नीट मांडला, आणि म्हणाली, "कसर लागलेली पोथी आणि न लिहिलेली पोथी यात फरक असतो ना, काकू?"

तिने सोलेअरचं उदाहरण दिलं. सूर्याचं चित्र छातीवर मिरवणारा, भेटला की मदत करणारा, गेममधला बहुधा सगळ्यांत लाडका माणूस. काहीच केलं नाही तर तो शेवटी वेडा होतो आणि तुम्हालाच त्याला मारावं लागतं. त्याला वाचवता येतं. पण त्यासाठी अर्धी माणूस, अर्धी कोळी (स्पायडर) असलेल्या एका बाईच्या पंथात शिरायचं, तिला ह्युमॅनिटी नावाच्या ३० वस्तू अर्पण करायच्या, म्हणजे एक आडवाट उघडते, तिथून जाऊन त्याला वेडं करणारा किडा आधीच मारायचा. "हे कुणाला आपल्या बुद्धीने सुचेल? हे गूढ नाही, हे नेटवर शोधायला लावणं आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाच्याने थोडं सावरलं: या गेममध्ये लोक जमिनीवर एकमेकांसाठी चिठ्ठ्या ठेवतात, दुसऱ्यांची सावल्यांसारखी रूपं दिसतात, म्हणजे एकट्याने सगळं शोधावं अशी अपेक्षाच नाही. बरा मुद्दा होता. पण गुण तिलाच गेले, आणि माझ्याच वहीत माझ्याविरुद्ध गुण लिहायची वेळ आली.

हीच युक्ती तुम्हीही वापरा. समोरच्याचं रूपक खोडून काढू नका, एक पाऊल पुढे चालवून बघा. ते लंगडं असेल तर तिथेच पडेल.

बंदी असलेली वाक्यं

‘गिट गुड’ (म्हणजे ‘आधी नीट खेळायला शिका’). ‘जमत नसेल तर खेळू नका’. ‘एवढे पुरस्कार उगाच मिळाले का’. २०२१ मध्ये गोल्डन जॉयस्टिकच्या लोकमतात याला आजवरचा सर्वोत्तम गेम ठरवलं हे खरं आहे, पण लोकमत हा युक्तिवाद नव्हे. हे निवडणुकीचं काम करून आलेल्या शिक्षिकेला सांगायला नको. दुसऱ्या बाजूचीही बंदी आहे: ‘आजारी माणसांनी बनवलेला गेम’. कुणी बोललं तर पुढच्या शनिवारचा चहा त्याने करायचा. भाचा आता चांगला चहा करतो.

‘सोपा मोड हवा की नको’ या विषयाला वेगळा दिवस ठेवा. तो एकदा आत शिरला की बाकी काही उरत नाही. तो दिवस आला की एवढंच लक्षात ठेवा की गेममध्ये सवलती आहेत, फक्त त्यांच्यावर पाटी लावलेली नाही. ढाल आहे, लांबून मारायची जादू आहे, बॉसच्या दाराशी जमिनीवरची खूण शिवून मदतीला माणूस बोलावता येतो. मी सगळ्या वापरल्या. पाटी का नाही, हा खरा वाद.

आणि एक दोष आहे जो मी सोडला तर आमच्या गटात कुणी काढलाच नसता. हा गेम थांबवता येत नाही. मेनू उघडला तरी जग चालूच. कुकरची तिसरी शिट्टी, दारावर गॅसवाला, सासूबाईंची हाक, आणि इकडे सांगाडा पाठीत तलवार खुपसतोय. पूर्ण बाहेर पडलं तर जागा राखली जाते, पण बेल वाजल्यावर तेवढं करायला वेळ कुणाला असतो? मी हे मांडलं तेव्हा पोरं हसली. मग भाच्याच्या मित्राची आई गावाला गेली, घरचं सगळं त्याच्यावर आलं, आणि पुढच्या शनिवारी त्याने स्वतःहून उठून माझ्या बाजूने चार मिनिटं घेतली.

गुण कसे देते

माझी वही साधी आहे. पूर्वपक्षाला दहा, जागेच्या वर्णनाला दहा, आणि दहा एका गोष्टीला: बोलता बोलता स्वतःचं मत थोडं तरी हललं का. ते हललेलं दिसतं, आवाजात कळतं.

सगळ्यांत जास्त गुण गेले ते ग्विनवरच्या वादाला. शेवटचा बॉस. देवांचा राजा, आग तेवत ठेवण्यासाठी स्वतःला जाळून घेतलेला. इतर बॉसना ढोल, तुताऱ्या, घोळक्याने गाणारे आवाज. इथे एकटा पियानो, हळू. आणि लढाई सोपी! त्याचा वार ढालीने वेळेवर उडवायचं जमलं की पाच-सहा फटक्यांत संपतो. भाच्याचा मित्र म्हणाला, शेवट फुसका, बनवणाऱ्यांना तोल सांभाळता आला नाही. भाचा म्हणाला, तो फुसकाच असायला हवा, राख झालेला म्हातारा आहे तो. मग मी घंटा मारून बाजू बदलायला लावल्या. मित्राने भाच्याची बाजू मांडली, मांडता मांडता त्या पियानोपाशी आला आणि मधेच थांबला. त्याचे आजोबा त्याच पावसाळ्यात गेले होते. घंटा झाली होती, मी ती मोजली नाही. भाचा मित्राच्या बाजूने उठला तेव्हा मात्र त्याने चोख दाखवून दिलं की ढाल न वापरणाऱ्याला तोच म्हातारा मुळीच फुसका लागत नाही, म्हणजे त्यांचं अख्खं भांडण गेमवर नव्हतंच, आपण हातात काय घेऊन गेलो त्यावर होतं.

पुढच्या शनिवारचा विषय सिफ. मेलेल्या धन्याच्या थडग्यापाशी तोंडात तलवार धरून उभा असलेला लांडगा. जीव कमी उरला की लंगडतो, तरी वार करत राहतो, आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढे जात नाही. याचे गुण द्यायचे की कापायचे? भाच्याने सांगून टाकलंय की तो त्या दिवशी फक्त चहा करणार.